रिकामा रकाना

सातपुड्याच्या उतारावर पाहणीसाठी पेरलेल्या मक्याची कणसे आज तोलून झाली, आणि मी नोंदवहीत उत्पन्नाचे आकडे उतरवीत असताना, ज्यांच्या शेतात हे चालले होते त्या वृद्ध बाईंनी, आमच्या तक्त्यात चौथ्या क्रमांकावर घसरलेल्या वाणाचे कणीस उचलून, त्याच्या टोकाकडचे आवरण दोन बोटांनी चाचपले आणि "हाच ठेवणार" असे शांतपणे सांगितले. टोक घट्ट झाकलेले होते. बियाण्याची कणसे छताखाली टांगणाऱ्या घरात सोंड्या किडीला वाट मिळू नये, एवढाच त्यांचा निकष. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता!

संकरित मक्याचा जोम पुढच्या पिढीत ओसरतो व बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. म्हणूनच १९६१ मधील 'गंगा', 'डेक्कन' या संकरांनंतर, १९६७ मध्ये 'विजय', 'किसान', 'जवाहर' आदी, घरचे बियाणे धरता येणाऱ्या संमिश्र वाणांची तजवीज झाली, ती मला आजही अधिक शहाणपणाची वाटते. असे वाण राखणे मात्र सोपे नव्हे. वाऱ्यावर हिंडणारा पराग कुणाच्या बांधाचा मुलाहिजा ठेवीत नाही, म्हणून दोनशे मीटरांचे अंतर हवे. आणि मोजक्याच देखण्या कणसांवर बियाणे धरले, तर अंतःप्रजननाने पीक खुजे होत जाते. हे मी सांगू लागताच बाईंनी कोपऱ्यातली टोपली पुढे ओढली: शेताच्या मधूनच निवडलेली, शंभरांहून अधिक कणसे.

रात्री मुक्कामी पट्टीने उभी रेघ मारून 'टोकाचे आवरण' असा रकाना वाढविला. मागील तीन हंगामांच्या पानांवर तो अर्थात रिकामाच राहील.