मधला टप्पा

पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दहिसर नदी इतकी देखणी दिसते, की ही मुंबईतली नदी आहे यावर विश्वास बसत नाही. तुळशी तलावाच्या बाजूनं उतरते, काळ्या कातळावरून घसरत येते, कान्हेरीच्या रस्त्याला मधूनमधून गाठते. रविवारी सकाळी पुलाच्या कठड्याला टेकून माणसं तिचे फोटो काढतात. त्याच दिवशी संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन श्रीकृष्णनगरातून परतताना तीच माणसं नाकाला रुमाल लावतात. नदी तीच, फक्त मध्ये उद्यानाची हद्द संपलेली असते.

उगमापासून मनोरीच्या खाडीपर्यंत नदीची लांबी सुमारे १२ किलोमीटर. उजाडता निघालं तर जेवायच्या वेळेला खाडी गाठावी, एवढीच. तिच्या काठानं वारसा दाखवणारी एक पायवाट आखावी, असं आमच्याकडे बऱ्याच जणांच्या मनात घोळत असतं. ‘रिव्हर मार्च’ या नागरिकांच्या चळवळीनं दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी लोकांना घराबाहेर काढलं. २०१८ साली या नद्यांवरच्या गाण्यात खुद्द मुख्यमंत्री झळकले आणि मग आठवडाभर नद्या बाजूलाच राहिल्या, चर्चा गाण्याची झाली. ते असो.

वाटेची दोन टोकं आयती तयार आहेत. वरच्या टोकाला कान्हेरी. शंभराहून अधिक लेणी, जवळजवळ हजार वर्षांचा राबता. लोक तिसऱ्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्ती बघतात आणि परत फिरतात. मला तिथली टाकी बघायला आवडतात. लेण्याच्या दाराशी कातळात चौकोनी तोंडाचं टाकं, आत थंडगार अंधार आणि पाणी. मान वर केली की कपाळपट्टीच्या कातळात कोरलेली अरुंद पन्हळ दिसते. डोंगरावर पडलेला पाऊस एका पन्हळीतून दुसरीत, तिथून टाक्यात. उन्हाळ्यात प्यायला पाणी हवं म्हणून कुणीतरी छिन्नीनं पावसाची वाट वळवली. तिथल्या ब्राह्मी लेखांत ही टाकी दान देणाऱ्यांची नावं आहेत. कल्याणच्या एका सोनारानं टाकं दिल्याचा लेख आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भागात पाण्याची सोय करणं हे पुण्य होतं, आणि कल्याणची माणसं त्यासाठी इथवर पैसा पाठवत होती.

खालच्या टोकाला मंडपेश्वर. मूळचं शैव लेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्याचं चर्च झालं. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर हा मुलूख मराठ्यांकडे आला. आत नटराजाचा शिल्पपट आहे, बराच झिजलेला, आणि एका भिंतीवर भलामोठा क्रूस कोरलेला. डोक्यावर मठाचे भग्न अवशेष, समोरच्या मोकळ्या जागेत पोरांचं क्रिकेट. पूर्वी नदी या लेण्यांच्या जवळून वाहायची, पुढे पात्र सरकलं असं सांगतात. तिथून थोडं पुढं एक्सरला वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची आरमारी लढाई कोरली आहे. अभ्यासक तिचा संबंध शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी जोडतात. बोरिवलीच्या गल्लीत उभं राहून आरमार बघायचं, ही गंमत मुंबईत किती जणांना ठाऊक असेल? मेट्रोनं मात्र नकळत फलक लावून ठेवलेत. राष्ट्रीय उद्यान, मंडपेश्वर, एक्सर ही स्थानकांचीच नावं आहेत.

आता गोची अशी, की वाट आखायला बसलं की जो तो ही दोन टोकं घेतो आणि मधलं अंतर बसनं काटू म्हणतो. दौलतनगर, लेप्रसी कॉलनी, कांदरपाडा, संजयनगर. तिथं बघायचं काय? म्हशींचे गोठे, धोबी, पात्राला दोन्ही बाजूंनी घातलेल्या संरक्षक भिंती, भिंतीला टेकलेली घरं.

माझं म्हणणं, चालायचं तर तिथूनच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ आहे. पण या नदीकाठी तो पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. इथं हात वर करून दाखवतात, पाणी इथपर्यंत. कुणी फ्रिजच्या उंचीवर हात ठेवतं, कुणी खिडकीच्या वरच्या चौकटीवर. कान्हेरीच्या पन्हळीला आपण वारसा म्हणतो, कारण तिथं पाण्याचा हिशोब कोरलेला आहे. मग या चौकटीवरच्या खुणेत वेगळं काय आहे? उलट हा हिशोब आपल्या हातून चुकलेला आहे, म्हणून तो जास्त बघण्यासारखा.

पुण्यात ‘जीवितनदी’ची मंडळी मुठेच्या काठानं लोकांना फिरवतात. मुठा काही स्वच्छ झालेली नाही, तरी फिरवतात. नदी आधी सुंदर करू, मग लोकांना नेऊ, या भानगडीत ते पडले नाहीत. आपल्याकडे मात्र काठ म्हटलं की आधी पेव्हर ब्लॉक, रेलिंग आणि सेल्फी पॉइंट आठवतो. एवढं सगळं झालं की नदीचा आकार गटाराचाच उरतो, वर दिव्यांची माळ येते. या वाटेला खरं तर बांधकाम जवळजवळ नकोच. चार पाट्या पुरतील, आणि बोलायला काठावरचीच माणसं. धोबी सांगेल पाणी कोणत्या महिन्यापर्यंत धुण्याजोगं असतं. गोठ्यातला भय्या सांगेल शेण कुठं जातं आणि दुसरीकडे न्यायला काय खर्च येतो. हे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

कांदरपाड्याच्या बाजूला एका बाईंकडे मी हा बेत बोललो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. आधी हसल्या.

“दादा, माणसं आणून काय दाखवणार? वास?”

मी म्हटलं, वासही, आणि तुमच्या भिंतीवरची २००५ च्या पाण्याची खूणही.

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. “आणा की. पण पावसाळ्यात नको, मेच्या शेवटी आणा. नालेसफाई झाली म्हणून पेपरात येतं ना, तेव्हा. त्यांना उतरून गाळ मोजू दे. आम्ही सांगितलं तर कोण ऐकतं?”