खेळणे तिच्या हाताजोगे

आमच्या धाकटीला सेरेब्रल पाल्सी आहे. बोटे आवळलेली, सेलवरच्या मोटारीचे बारीक बटण तिला सरकवता येत नसे. मोटार आम्ही चालवायची, तिने नुसती पाहायची. मग हा खेळ कुणाचा?

आम्ही पुठ्ठ्याच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पातळ पत्री चिकटवली, प्रत्येकीला एक वायर जोडली आणि तो तुकडा दोन सेलांच्या मध्ये सरकवला. वायरींची दुसरी टोके दारावरच्या बेलच्या बटणाला जोडली. त्यावर डब्याचे रुंद झाकण चिकटवले. मोटारीचे मूळ बटण चालूच ठेवले. आता ती कोपराने झाकण दाबते, मोटार धावते. हात उचलला की थांबते.

ही जोडणी फक्त सेलच्या खेळण्याला करावी, घरातल्या विजेला कधीही नाही.

बंधुभगिनींनो, अशा मुलांना दयेआधी हाताजोगे खेळणे द्या. 'मी चालवली' असे त्यांनाही वाटले पाहिजे.