डाव्या दारची

तिच्या अंगात स्वतःची ताकद अजिबात नाही, हे आधीच सांगून टाकतो. हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत जाणाऱ्या वाटेवर ती असते. शाळेच्या पुस्तकात द्विदल झडप, दवाखान्यात मायट्रल व्हॉल्व्ह. दोन पातळ पडदे, एवढंच तिचं अंग. रक्त आलं की बाजूला व्हायचं, परतू लागलं की मिटायचं. दिवसातून लाखभर वेळा.

मिटणं सोपं, मिटून राहणं कठीण. जवनिका आवळली की खालून १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब येतो. पावसाळ्यात लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर छत्री उघडलेल्यांना पुढचं सांगायला नको. ही मात्र उलटत नाही. तिच्या कडांना बारीक, चिवट दोर असतात आणि जवनिकेच्या भिंतीतून वर आलेल्या दोन स्नायूंनी ते धरलेले असतात. हे स्नायूच तिला ओढून बंद करतात, असं पुष्कळांना वाटतं. छे! बंद ती रक्ताच्या रेट्यानंच होते. पण जवनिका आक्रसताना दोर सैल पडू नयेत म्हणून स्नायूही तिच्याबरोबर आवळतात. श्रेय मी त्यांनाच देईन.

पहिला ठोका, तो ‘लब्’, मुख्यतः तिच्या आणि उजवीकडच्या त्रिदल बहिणीच्या मिटण्याचा. तो ऐकू आला नाही म्हणजे हृदय थांबलं का? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, ते योगाला प्रयोगशाळेत आणण्यासाठी. वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले संशोधक योग्यांना तपासत तिथेही आले. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांवरचा त्यांचा आणि दिल्लीच्या आनंद यांचा निबंध १९६१ साली छापून आला. श्वास कोंडून छाती-पोट आवळलं की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, मनगटाला नाडी लागत नाही, ठोके जवळजवळ ऐकू येत नाहीत. ईसीजीची रेघ मात्र चालूच होती!

तिचा जुना वैरी म्हणजे लहानपणी दुखलेला, दुर्लक्षिलेला घसा. त्यातून कधीकधी ऱ्हुमॅटिक ताप येतो, आणि पुढे काही वर्षांनी पडदे कडेला चिकटतात, दोर आखडतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट दीडच्याही खाली येते. लोहगडाच्या पायऱ्यांवर धाप लागते आणि खापर फुटतं वयावर, वजनावर. बाई असली तर बाळंतपणावर. निदान झालंच, तर जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन पडदे मोकळे करता येतात. दोर फारच आखडले असतील तर बहुधा तेही साधत नाही. मग झडपच बदलावी लागते.