पाळक नसलेल्या रविवारी

उपासना सकाळी साडेसातला. मार्च उलटला की अकोल्यात दहानंतर पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून वेळ पक्की. पाळकसाहेबांकडे अकोल्यापासून अमरावतीच्या बाजूपर्यंत विखुरलेल्या मंडळ्या आहेत. दर रविवारी ते प्रत्येक ठिकाणी कसे पोचणार? ते येतात तेव्हा प्रभुभोजन होतं. येत नाहीत तेव्हा आम्ही ले लीडर, म्हणजे दीक्षा नसलेले सेवक, उपासना चालवतो. पापकबुली, स्तोत्र, जुन्या आणि नव्या करारातला पाठ, मतांगीकार, संदेश, दानार्पण, मध्यस्थीची प्रार्थना. काय करायचं नाही तेही ठरलेलं आहे. भाकर आणि द्राक्षारसाची प्रार्थना आपण म्हणायची नाही. पापक्षमेची घोषणा करायची नाही, सगळ्यांसाठी क्षमा मागायची. शेवटी मंडळीवर हात उचलून आशीर्वाद द्यायचा नाही. इतरांबरोबर आपणही डोकं लववून तो मागायचा. नव्या माणसाला या मर्यादा उणेपणासारख्या वाटतात. मला त्या या सेवेचा कणा वाटतात. पुढे उभा असलेला माणूस मंडळीतलाच आहे, हे त्यांच्यामुळे सगळ्यांच्या ध्यानात राहतं.

*

पहिल्या बाकावरच्या आजी उपासनेनंतर दारात थांबतात. "काहून जी, आज बी प्रभुभोजन नाही?" त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पाळकाची जागा ले लीडरने भरून निघत नाही, आणि निघते असं डायसिसने, म्हणजे बिशपच्या प्रांताने, समजूही नये. लांबच्या मंडळीला प्रभुभोजन वेळेवर मिळणं हा तिचा हक्क आहे. तो आम्ही मागत राहतो, लेखी मागतो.

*

१९०३ हे साल आमच्यासाठी दोनदा महत्त्वाचं. त्या वर्षी वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, आणि त्याच वर्षी नागपूरचा अँग्लिकन डायसिस उभा राहून आयर चॅटर्टन तिथले पहिले बिशप झाले. डायसिसचा पसारा अफाट होता. गोऱ्या फौजेच्या आणि रेल्वेच्या ठिकाणी चॅप्लेन जात; लहान सिव्हिल स्टेशनांवर रविवारची प्रार्थना एखादा अधिकारीच वाचून घेई. खुद्द इंग्लंडमध्ये १८६६ मध्ये ले रीडरची जुनी प्रथा पुन्हा सुरू झाली, तीही पाळक कमी पडत होते म्हणून. म्हणजे आमची ही सेवा टंचाईतून आली. तिची लाज वाटायचं कारण नाही. मंडळीच्या इतिहासात पुष्कळ चांगल्या गोष्टी टंचाईतूनच आल्या आहेत.

*

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचं उदाहरण तर याहून ठळक. वसाहतींच्या सगळ्या काळात तिथे एकही बिशप नव्हता. सॅम्युएल सीबरी यांचा अभिषेक १७८४ मध्ये झाला, तोही स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला जाऊन. तोवर इमारत, पाळकाचा पगार, गरिबांची मदत हे सगळं वेस्ट्री म्हणजे गावातल्या सामान्य सभासदांची कमिटी आणि वॉर्डन पाहत. बिशपच्या नावाने ओळखलं जाणारं चर्च बिशपशिवाय पिढ्यान्‌पिढ्या तगलं ते या माणसांमुळे. त्या वेस्ट्रींत जमीनदारांचं वर्चस्व होतं आणि गुलाम बाळगणारेही बसत, हेही त्याच इतिहासात आहे. कमिटी सामान्यांची असली म्हणजे ती न्यायी असतेच असं नाही. आपल्याकडेही एकाच घराण्याकडे सेक्रेटरीपद, खजिना आणि चाव्या राहिल्या की मंडळी आटते.

*

वऱ्हाडात ख्रिस्ती माणूस एका परंपरेचा नसतो. अकोला हे अलायन्स मिशनचं जुनं ठाणं. मार्क आणि जेनी फुलर यांनी इथे काम केलं. जेनीबाईंनी इथल्या बायकांच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अचलपूर-मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणारं मिशन, परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना, अमरावतीला कॅथलिक बिशप. त्यामुळे आमच्या बाकांवर सून अलायन्सची, सासू अँग्लिकन वळणाची, जावई मेथडिस्ट असं असतं. एकाला गुडघे टेकून प्रार्थना हवी, दुसऱ्याला टाळ्या वाजवत गाणं. ले लीडरला हे सगळं एका तासात सांभाळायचं असतं. मी दोन्ही ठेवतो आणि कुणाचीही भक्ती कमी लेखू देत नाही.

*

२९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं : अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अँग्लिकनांनी बिशप आणला. प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळ्यांनी वडील आणले, म्हणजे मंडळीने निवडलेले, पाळकाच्या शेजारी बसून निर्णय घेणारे सामान्य सभासद. या देवाणघेवाणीबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. बिशप, पाळक आणि सभासद एकाच सिनडमध्ये बसून ठराव करतात. चर्चचं नाव एपिस्कोपल असो वा नसो, निर्णयात बिनदीक्षेच्या माणसाचा हात असणं हे मला त्याच्या तब्येतीचं लक्षण वाटतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ह्यूस्टनला एपिस्कोपल चर्चच्या महासभेत स्त्रियांना प्रतिनिधी म्हणून बसण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळाला. तोवर वेदीची फुलं, संडे स्कूल, निधी गोळा करणं हे सगळं त्या करत होत्या आणि मत मात्र पुरुष देत होते. आपल्या मंडळ्यांतल्या महिला मंडळाकडे पाहिलं की ही तारीख परकी वाटत नाही.

*

उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन. वऱ्हाडातल्या चैत्राच्या उन्हात तीन तासांची उपासना, आणि तरीही वर्षात सगळ्यात जास्त माणसं त्या दिवशी येतात. उपासनेला न येणारे नातेवाईक येतात, शेजारचे हिंदू, बौद्ध, मुसलमान मित्र येतात. वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात. एरवी संदेश पाळकाचा किंवा ले लीडरचा. या दिवशी बहुतेक उद्गार सामान्य माणसांकडे. मी यादी करायला उपवासकाळाच्या सुरुवातीलाच बसतो, कारण कोणता उद्गार कुणाकडे जातो यावर पुष्कळ अवलंबून असतं. पहिला, क्षमेचा, कधीच नुकतं भांडण झालेल्या माणसाला दबावाने देत नाही. त्याने मागितला तर देतो. आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचा उद्गार एकदा वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाईंनी घेतला होता. त्या थोडकंच बोलल्या, आणि त्यानंतर मंडळीतल्या एका घराने आपल्या म्हाताऱ्या आत्याला परत आणलं.

पाचवा उद्गार तहानेचा. तो मी शक्यतो पूर्णेच्या खोऱ्यातल्या कुणाला देतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या पट्ट्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. तिथे विहिरीला पाणी असतं आणि पिता येत नाही. घरोघरी किडनीच्या आजाराची माणसं सापडतात. त्या पट्ट्यातल्या एक ताई, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या, त्या उद्गारावर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी कुठलाही भाष्यग्रंथ वाचलेला नव्हता. त्या बोलल्या टँकरबद्दल, डोक्यावरच्या हंड्यांबद्दल, पाणी समोर असून घशाखाली न उतरण्याबद्दल. वधस्तंभाखाली आंब धरणाऱ्या शिपायाची गोष्ट त्यांनी अशी सांगितली की पुढ्यातल्या शेतकऱ्यांनी माना हलवल्या. ईश्वरविज्ञान शिकलेल्या माणसाकडून मी त्या उद्गारावर पुष्कळ ऐकलं आहे. ते ज्ञान मला हवंच आहे. पण ताईंना व्यासपीठ मिळालं नसतं तर ही तहान आमच्या मंडळीच्या कानावर पडली नसती. म्हणून लिहिता येत नाही, बोलायची भीती वाटते, असं म्हणणाऱ्यांकडे मी पुन्हा पुन्हा जातो. घरी बसून त्यांचं बोलणं ऐकतो, हवं तर उतरवून घेतो, आणि शुक्रवारी ते कागद न बघताच बोलतात.

*

लग्नाचा हंगाम. भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा १८७२ चा आहे. विवाह लावण्याचा अधिकार कुणाला हे त्यात नेमकं दिलं आहे; दीक्षा नसलेल्या ख्रिस्ती माणसाला शासनाचं लायसन्स असेल तरच. ते नसताना, पाळक पोचले नाहीत म्हणून आपणच शपथा घेऊन टाकू, हा मोह कितीही आग्रह झाला तरी नको. त्रास पुढे त्या मुलीला होतो. वेळही बांधलेली : साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात. वरात डीजेसह चौकात रेंगाळते तेव्हा मी मुलीच्या मामाला घेऊन वराच्या वडिलांकडे जातो आणि घड्याळ दाखवतो. आमचं काम म्हणजे आधीची घोषणा, वयाचे दाखले तपासणं, दोन साक्षीदार, रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षर. दाखल्यावर मुलगी अठराची नसेल तर घोषणा वाचायचीच नाही. नाती तुटली तरी चालतील.

*

जमीन. मंडळीच्या सगळ्या कामांत हे सगळ्यात कोरडं आणि सगळ्यात जबाबदारीचं. मिशनच्या काळात मिळालेल्या जागा आज शहराच्या मध्यावर आल्या आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंद असते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दरवर्षी ऑडिट. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मिळकतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं की चर्च एकत्र आल्याचा ठराव झाला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही. ट्रस्ट कायद्याची पद्धत पाळावी लागते. १९७० साली प्रार्थनेने जे जुळलं त्याचे कागद कित्येक ठिकाणी जुळलेच नाहीत. विकासकाची माणसं नेमकी हीच फट शोधत येतात. म्हणून माझं म्हणणं, हिशेब वर्षातून एकदा संपूर्ण मंडळीसमोर मोठ्याने वाचावा, सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड यांच्या प्रती कमिटीतल्या प्रत्येकाकडे असाव्यात, आणि जागेसंबंधी कुठल्याही कागदावर एकट्याची सही नसावी. यात कुणावर अविश्वास नाही. आजोबांनी आणा-आणा टाकून बांधलेल्या भिंती आहेत त्या.

*

तातडीचा बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. पाणी, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने. आमच्या मंडळीतल्या एका परिचारिकेने नवजात बाळाला, आईबापांच्या विनंतीवरून, काचेच्या पेटीतच तो दिला. दोन दिवसांनी बाळ गेलं. पाळकसाहेब वाटेत होते. दफनविधी आम्हीच वाचला. चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्मा आणि दफन या दोन्ही नोंदी मी केल्या, बाळाच्या पूर्ण नावाने.

*

डायसिसच्या बैठकीला नागपूरला जाताना महामार्गावर मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थना असते : ठरलेली वेळ, ओळीत बसलेली माणसं, पुढे गावातलाच कुणीतरी. वऱ्हाडातल्या खेड्यांना, शेतावरून आलेला माणूस हातपाय धुऊन प्रार्थनेला उभा राहतो आणि ती चालवतो, हे नवं नाही. आमच्या खेड्यांतल्या प्रार्थनासभा त्याच मातीत वाढल्या. खंजिरी तिथेही वाजते, आमच्याकडेही.

*

पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा. पुढे चर्चच्या अधिकाराबद्दल तिथल्या मठातल्या आपल्या सिस्टरशी त्यांनी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला. दुष्काळात मध्य प्रांतात फिरून मुली केडगावला आणल्या, सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. दीक्षा कधीच नाही. लक्ष्मीबाई टिळक कीर्तनं करत, त्यांनाही नाही. मराठी मंडळीला तिचा सगळ्यात खणखणीत आवाज ज्यांनी दिला त्यांतल्या या दोघी, आणि आजही कुठल्या कुठल्या मंडळीत बाईने संदेश द्यावा का यावर चर्चा होते. मला या चर्चेत वेळ घालवायचा नाही.

*

हंगामाचा सण. वेदीपुढे तूर, ज्वारी, कापसाची बोंडं, संत्री, कुणाची कोंबडी. उपासनेनंतर अंगणात लिलाव. कर्जाने गांजलेला शेतकरीही पायलीभर ज्वारी आणतो. त्याची दखल मोठ्याने घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी जायचं, बँकेचे कागद बघायचे, रात्री उशिरापर्यंत बसायचं. वऱ्हाडात ले लीडरच्या कामात हे आलंच पाहिजे. कुणाच्या घरात बोलणं कमी झालंय हे पाळकाला कळायला महिना लागतो. शेजाऱ्याला दोन दिवस.

*

यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. संस्थेच्या दृष्टीने ते योग्य असेल. वऱ्हाडातल्या सामान्य सेवकाला मात्र शिकायला जवळची जागा उरली नाही. डायसिसकडे माझी मागणी साधी आहे : ले लीडरचं प्रशिक्षण मराठीत, अकोल्यात आणि अमरावतीत, पेरणी आणि वेचणीचे दिवस सोडून, शेवटी बिशपसाहेबांच्या सहीचा परवाना, ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा विचारणा व्हावी, माझीसुद्धा.

तोवर शनिवारी संध्याकाळी आम्ही वाचनाला बसतो. सध्या तीन मुली आणि रेल्वेत नव्याने लागलेला एक मुलगा येतात. पाठ दोनदा मोठ्याने वाचायचा, मग वाक्य कुठे तोडायचं ते ठरवायचं. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लेव्यांच्या नावांची लांब रांग आहे. मुलं ती गाळू पाहतात. मी गाळू देत नाही. लोकांना नियमशास्त्र समजावून सांगणारी माणसं होती ती, नावं वाचलीच पाहिजेत. पुढच्या महिन्यापासून असंच वाचन दर्यापूरलाही सुरू करायचं ठरलं आहे, तहानेच्या उद्गारावर बोललेल्या त्या ताईंच्या घरी.