परतीचं भाडं

वडिलांचा एचएमटी झेटर 2511 तासगावहून इंदूरला माझ्याकडे आणायचा होता. भावानं रान विकलेलं. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलेला. पिंजोरच्या कारखान्यात 1971 पासून हे ट्रॅक्टर बनत. आता तो कारखानाच बंद.

स्वतंत्र ट्रक परवडेना. इंदूरकडे रिकामा परतणारा गाठला, भाडं निम्म्यावर आलं. क्रेनही टाळली: ट्रक उंच बांधाला पाठमोरा लावून, जाड फळ्यांवरून ट्रॅक्टर आत ढकलला. उभा सायलेन्सर काढला, डिझेल उतरवलं, बॅटरीची तार सोडली. चाकांना लाकडी पाचरी, चारही बाजूंनी साखळ्या. दोर नकोच, खड्ड्यांत तो सैल पडतो.

आई म्हणाली, "चाकांची माती धुऊ नकोस." ड्रायव्हर ताडपत्री बांधत होता, तोवर ती बांधावरच उभी होती.