एका यंत्रातली अनेक बिऱ्हाडे

आमच्या घरी सर्व्हर आहे हे कळले की नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. वीजबिल किती येते आणि त्याचा उपयोग काय? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. कपाटाच्या वरच्या फळीवरची ती छोटी पेटी सरासरी ३० वॅट वीज घेते, म्हणजे महिन्याला साधारण २२ युनिट. ऑफिसात मी सांभाळतो तसला मोठा सर्व्हर मी मुद्दामच घरी आणला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क हे शांतता क्षेत्र ठरवले. सभांच्या कर्ण्यांपासून थोडी सुटका मिळालेल्या शेजाऱ्यांना रात्रभर पंख्यांची घरघर ऐकवणे बरे दिसले नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा लांब आहे आणि त्याचा संबंध अब्बांशी आहे.

अब्बा शाळेत मराठी शिकवत. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्या वाऱ्याने जे अनेकजण लिहिते-छापते झाले, त्यांतले ते एक. दादरच्या एका डीटीपीवाल्याकडे बसून त्यांनी नऊ वर्षे एक छोटा वार्षिक अंक काढला. प्रती तीनशे. 'तुम्ही घरी मराठी बोलता?' या प्रश्नाला तोंडी उत्तर देत बसण्यापेक्षा अंक हातात ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. अंकांचा एकमेव पूर्ण संच चिपळूणला मामूंच्या माडीखालच्या खोलीत होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि त्या खोलीतल्या कागदांचा चिखल झाला. अब्बा तोवर गेलेले होते. आमच्याकडे उरला तो बुटांचा एक खोका. त्यात फ्लॉप्या आणि काही सीडी.

लॅमिंग्टन रोडवरून फ्लॉपी वाचणारे यंत्र आणले. अर्ध्याहून अधिक फ्लॉप्यांनी दाद दिली नाही. ज्या वाचता आल्या आणि सीडींवर जे होते, ते उघडले तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. हे का होते ते डीटीपीच्या दुकानात बसलेल्यांना ठाऊक असेल. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. पण दुकानांत चालत ते प्रत्येक कंपनीचे स्वतःचे फॉण्ट. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असे, फक्त त्याचे चित्र देवनागरी. फॉण्ट गेला की चित्र गेले. शिवाय मजकूर पेजमेकरमध्ये लावलेला. त्या पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही आणि आज त्याला कोणी वाली नाही.

म्हणजे अब्बांचा अंक वाचायचा तर अब्बांच्या काळातला संगणकच पुन्हा उभा करायला हवा होता. माझ्या पोटापाण्याचे काम इथे घरच्या कामी आले.

एका यंत्रात अनेक यंत्रे नांदवण्याची युक्ती जुनी आहे. आयबीएमने आपल्या अजस्र संगणकांवर ती १९७२ साली बाजारात आणली. १९९९ साली व्हीएमवेअरने ती साध्या पीसीवर आणली. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्याला ती चटकन कळावी. इमारत एक, पाण्याची टाकी एक, पण प्रत्येक खोलीतल्या बिऱ्हाडाला आपला संसार स्वतंत्र वाटतो. कोणाला किती पाणी, किती जागा, हे वरचा व्यवस्थापक ठरवतो. सगळे एकाच वेळी कामावर निघत नाहीत, म्हणून थोडक्यात भागते. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की मात्र पाणी कोणालाच पुरत नाही. सर्व्हरचेही तसेच.

माझ्या पेटीत अशी पाच बिऱ्हाडे आहेत. त्यांतले एक विंडोज एक्सपीचे. त्याला ५१२ एमबी मेमरी दिली आहे, त्याच्या काळात ती चैन होती. एप्रिल २०१४ पासून एक्सपीला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, म्हणून त्या खोलीला इंटरनेटची खिडकीच ठेवलेली नाही. आत पेजमेकर आहे आणि सीडीवर सापडलेले फॉण्ट. टायपिंगच्या जुन्या प्रोग्रॅमला संगणकाच्या मागे खोचायची एक किल्ली लागे, ती केव्हाच हरवली. पण किल्ली लागते ती लिहायला. वाचायला फॉण्ट पुरतो. दर प्रयोगाआधी त्या खोलीचा 'स्नॅपशॉट' घेतो. काही बिघडले तर एका क्षणात कालच्या स्थितीत परत.

सांभाळण्याची बाब वेगळी. दोन डिस्क आहेत, एकीवरचे सगळे दुसरीवर. झेडएफएस ही पद्धत मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची खूणगाठ लिहून ठेवते, महिन्यातून एकदा सगळे वाचून ताळा करते आणि बिघडलेला तुकडा दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करते. तरी ही सुरक्षित प्रत नव्हे. चुकून पुसले तर दोन्हीकडून पुसले जाते. आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी हवा लोखंडाला सोडत नाही, तर डिस्कचे काय? म्हणून तिसरी प्रत पुण्याला बहिणीच्या घरी, रोज रात्री कुलूपबंद होऊन जाते. एकाच गावात, एकाच छपराखाली सगळे ठेवू नये, हे चिपळूणने शिकवले.

घरमालक बदलण्याचाही प्रश्न असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती बंद झाली, एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली. मी सुरुवातीपासून प्रॉक्समॉक्स वापरतो. ते व्हिएन्नाच्या एका कंपनीचे, पण त्याचा गाभा लिनक्समधला केव्हीएम. उद्या ती कंपनी नसली तरी गाभा खुला राहील. पंचवीस वर्षांनी कोणाला तरी आपली फाईल उघडायची आहे हे धरून चालले, की असली निवड आपोआप होते.

नऊपैकी सहा अंक पूर्ण मिळाले, सातव्याची निम्मी पाने. त्यांचे पीडीएफ केले, मग मजकूर युनिकोडमध्ये आणला. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी ते हमखास जागच्या जागी ठेवत नाहीत. ओळ न् ओळ डोळ्यांनीच तपासावी लागते. ते तपासताना १९९९ च्या अंकात एक कथा भेटली. लेखिका खेडच्या; त्यांची दुसरी कथा मला कुठे सापडली नाही. त्यांच्या मुलीचा पत्ता काढून छापील प्रत पाठवली. तिचा फोन आला. आई लिहीत होती, हे तिला ठाऊकच नव्हते.

आपल्याकडे अशा खोक्यांची कमतरता नसावी. कपाटात, पोटमाळ्यावर, बंद पडलेल्या प्रेसच्या कोपऱ्यात ते असतील. फ्लॉपीवरचे चुंबकत्व दरवर्षी थोडे विरते. घरात सर्व्हर नको, माझ्यासारखा उपद्व्यापही नको; खोका उघडा, त्यावर कोणता अंक, कोणते साल, कोणता फॉण्ट ते लिहा आणि हे काम येणाऱ्या कोणा तरुणाच्या हाती द्या. तो आनंदाने करील. वीजबिलाचे मात्र आधी बोलून घ्या.