कांद्याची शिल्लक

आमची ही ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मी बँकेत कारकून. म्हणजे सजीव आणि निर्जीव, दोन्हींची घरातच सोय आहे.

2021 साली शाळा-कॉलेजांना टाळं होतं, तेव्हाची गोष्ट. रात्री अकराला मी विचारलं, "काय चाललंय?" ती म्हणाली, "दीक्षावर निष्ठा करतेय." मला वाटलं, माहेरच्या कुणी भाच्या असतील! मागाहून कळलं, निष्ठा म्हणजे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण आणि दीक्षा म्हणजे ते जिथं मिळतं ते ॲप. व्हिडिओ बघायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं.

प्रमाणपत्रं साठली, पण ही गप्प गप्प. एकदा कुकरच्या शिट्टीच्या आडोशानं म्हणाली, "अहो, वीस वर्षं पेशीविभाजन फळ्यावर काढतेय, पण प्रत्यक्ष कधी पाहिलंच नाही. कॉलेजात सूक्ष्मदर्शकापाशी रांग होती. पुढच्या दहाजणी 'दिसलं' म्हणाल्या, मीही म्हटलं."

मी धीर दिला. शिल्लक जुळली का विचारल्यावर आधी 'जुळली' म्हणायचं आणि मग फरक शोधायला बसायचं, हे आम्हांला नवीन नाही.

पुढं एका प्रयोगशाळेत शिक्षकांसाठी दोन दिवसांचा वर्ग निघाला. त्यासाठी माझ्या चहाच्या ग्लासावर कांदा बसला, बूड पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत पांढरी दाढी फुटली. सकाळी साडेआठला मुळांची टोकं कापून बाटलीत भरली. पिशवी धरायला मी बरोबर होतोच.

टोकं आम्लात ऊन केली, तांबडी रंगवली, काचेवर ठेवून वरून पातळ काच ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. पहिल्या तीन काचा फुटल्या. किती जोरानं दाबायचं, हे व्हिडिओत दिसत नाही हो. ते अंगठ्यालाच शिकावं लागतं.

चौथ्या काचेला ही डोळा लावून बसली ती बोलेचना. मग हलकेच म्हणाली, "दिसलं." या खेपेला रांगेत पुढं कुणी नव्हतं.

मलाही दाखवलं. कांद्याच्या पेशीत सोळा गुणसूत्रं. प्रत्येकाची नक्कल होते, मग वाटणी. दोन्हीकडं पुन्हा सोळा-सोळा. पैचा फरक नाही आणि वर तपासायला साहेबही नाही! मी मनातल्या मनात हात जोडले.

आता हिच्या वर्गात कुणी घाईनं 'दिसलं' म्हटलं, की ही विचारते, "काय दिसलं?" आणि कुणी "नाही दिसलं, मॅडम" म्हटलं, की म्हणते, "शाब्बास! घाई नाही. मी वीस वर्षं थांबले होते."

माझ्या चहाला मात्र अजून कांद्याचा वास येतो.